बाटलीवरच्या लेबलाचा कागद

वार्षिक सभेत एका सभासदाने विचारले, "दारूच्या बाटलीवरच्या कागदाला एवढे पैसे कशाला? साधा कागद चालत नाही का?" प्रश्न रास्त आहे. डिस्टिलरी आपल्याच मळीवर चालते. तिथला फाजील खर्च अखेर उसाच्या दरावर येतो.

साधा कागद का चालत नाही, हे आम्ही पैसे मोजून शिकलो. मागे एका पुरवठादाराकडून लेबले स्वस्तात घेतली. छपाई झकास! पण खळ लावून बसवली की दोन्ही बाजूच्या कडा उचलायच्या. पावसाळ्यात तर खोक्यातच लेबले सुटली. दुकानदारांनी माल परत पाठवला. खळ बदलून पाहिली, तरी तेच. दोष होता कागदातल्या तंतूंच्या दिशेत.

उसाचे कांडे उभे सहज चिरते, आडवे चिरत नाही. कागदाचेही तसेच. त्यातले तंतू बहुतेक एकाच दिशेला पडलेले असतात. ओल लागली की ते जाडीत फुगतात, लांबीत फारसे नाही. त्यामुळे कागद वळतो. लेबलात तंतू बाटलीच्या तळाला समांतर, म्हणजे आडवे हवेत. आमच्या लेबलांत ते उभे होते, मग कडा काचेपासून सुटणारच. परीक्षा सोपी आहे. कागदाची एक बाजू ओली करा. त्याची जी नळी होईल, तिच्या लांबीची दिशा तीच तंतूंची.

कोटिंगही छपाईच्या एकाच बाजूस हवे. मागची बाजू गुळगुळीत असली तर खळीतले पाणी शोषले जात नाही आणि लेबल घसरते. वजन दर चौरस मीटरला 70 ते 80 ग्रॅम पुरते. फार जाड कागद गोल बाटलीवर नीट बसत नाही.

परत येणाऱ्या बाटल्या गरम कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात धुतात. तिथे लेबल अख्खे निघाले पाहिजे. लगदा झाला की यंत्राच्या जाळ्या तुंबल्याच. म्हणून कागद ओला झाला तरी न फाटणारा, पण सोडा आत शिरू देणारा लागतो. नाशिककडच्या वाइनवाल्यांनाही ओलीत टिकणारा कागद लागतो, कारण त्यांची बाटली बर्फात ठेवली जाते.

आपल्या बगॅसचाच कागद का नको, असेही काहींनी सुचवले. तमिळनाडूत बगॅसपासून कागद होतोच. पण हा तंतू आखूड. ताकदीसाठी लांब तंतूचा लगदा मिसळावा लागतो. शिवाय आपले बगॅस बॉयलरला लागते.

यंदाच्या मागणीपत्रात तंतूंची दिशा लिहून घातली आहे. गठ्ठ्यातली पाच लेबले ओली करून पाहिल्याशिवाय माल उतरवून घ्यायचा नाही, असे स्टोअरला बजावले आहे.