जुना फिल्म एसएलआर घेताय? ‘पेंटॅक्स के१०००’ घेण्याआधी हे तपासा

फिल्मवर फोटोग्राफी शिकायची आहे, पण खिशाला परवडणारा एसएलआर कोणता? या प्रश्नावर वर्षानुवर्षे एक नाव हमखास सुचवलं जातं, पेंटॅक्स के१०००. १९७६ मध्ये आलेलं हे मॉडेल १९९७ पर्यंत बनत राहिलं. ३० लाखांहून अधिक कॅमेरे विकले गेले. आता अर्थातच सेकंड हँडच मिळतो.

त्यात आहे काय?

फारसं काहीच नाही! ऑटोफोकस नाही, ऑटो मोड नाही, सेल्फ टायमरही नाही. फोकस, अ‍ॅपर्चर, शटर स्पीड सगळं हाताने. व्ह्यूफाइंडरमध्ये उजवीकडे एक काटा दिसतो. तो मध्यावर आला की एक्सपोजर जमलं. शिकणाऱ्याला एवढं पुरतं. शटर पूर्ण मेकॅनिकल आहे, छोटी बॅटरी लागते ती फक्त काट्यासाठी. ती संपली तरी फोटो काढता येतात. लख्ख उन्हात एफ/१६ ठेवायचं आणि आयएसओ ४०० च्या रोलला १/५०० स्पीड, हा जुना हिशेब आजही चालतो. मीटर बंद करायला बटण मात्र नाही. लेन्सला झाकण लावलं तरच बॅटरी वाचते.

घेताना काय पाहाल?

रोल न घालता मागचं दार उघडा आणि १ सेकंदाच्या स्पीडवर शटर दाबा. ते सेकंदभर उघडं राहतं का, मध्येच अडकतं का, बघा. दाराच्या खाचेतला फोम बोटाला चिकटला, तर आत प्रकाश शिरणार. फोम बदलता येतो, पण तेवढी किंमत कमी करून घ्या. मग लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला आतून बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर ती लेन्स नकोच.

खरा खर्च पुढेच

कॅमेरा एकदाच घ्यायचा, पण रोल, डेव्हलपिंग आणि स्कॅनिंगचे पैसे दर वेळी लागतात. त्या बेरजेला ३६ ने भागा, एका फोटोचा भाव कळेल. तो परवडतो का, हे आधी ठरवा.

नवख्यांचा अख्खा रोल कोरा जातो तो बहुतेक वेळा लावण्यातल्या चुकीमुळे. दार बंद केल्यावर डावीकडची रिवाइंडची कळ हलकेच फिरवून फिल्म ताणून घ्या, मग लिव्हर ओढा. कळ आपोआप फिरली तर फिल्म सरकतेय. फिरली नाही, तर काउंटरवर आकडे वाढत राहतील आणि फिल्म जागची हलणार नाही. अशा वेळी लगेच दार उघडून रोल पुन्हा लावा.