अकरा ओळींचा धडा

वाशीममध्ये आज एखादा विद्यार्थी जावास्क्रिप्टच्या चौकटीत संकेतस्थळ रचू लागतो, तेव्हा त्याच्या मोजक्या ओळींमागे अनोळखी हातांनी लिहिलेली शेकडो मॉड्यूल उभी असतात. आणि त्यांतील एखादे गहाळ झाले, की ‘मॉड्यूल सापडत नाही’ असा शेरा उमटून सारे काम तहकूब होते. २२ मार्च २०१६ रोजी अझेर कोचुलू यांनी, दुसऱ्या एका पॅकेजच्या नावावरून उद्भवलेल्या वादामुळे, ‘लेफ्ट-पॅड’ हे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारातून काढून घेतले, तेव्हा त्यावर अप्रत्यक्षपणे विसंबलेले बेबलसारखे मातब्बर साधनही अडले आणि जगभरचे प्रकल्प काही तास खोळंबले.

असा शेरा उमटल्यास घाबरून न जाता प्रथम शेऱ्यातील नाव व मार्ग अक्षरशः ताडून पाहावा, कारण इंग्रजी अक्षरांच्या लहानमोठेपणाचा जो घोळ विंडोजवर खपतो तो लिनक्सवर खपत नाही; मग ‘पॅकेज.जेसन’ या फेरिस्तीत त्या पॅकेजची नोंद आहे काय, याची शहानिशा करावी. आवृत्त्यांचा तंटा असल्यास ‘एनपीएम एलएस’ या आज्ञेने अवलंबित्वाची वंशावळ काढावी. आणि अखेरीस ‘एनपीएम सीआय’ ही आज्ञा द्यावी, म्हणजे जुना साठा पुसला जाऊन आवृत्त्या पक्क्या नोंदलेल्या कुलूपबंद यादीबरहुकूम सारे नव्याने बसते. दोषाचा शेरा हा शत्रू नव्हे, तो वाटाड्या आहे; तो शांतपणे वाचण्याची सवय हीच या विद्येची खरी दीक्षा होय.