केडगावची मुक्ति

पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव स्टेशन लागते. पंडिता रमाबाईंनी तेथे उभारलेले मुक्तिसदन निराश्रित स्त्रियांस व मुलांस आजही आसरा देत आहे.

रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या. १८८९ साली त्यांनी मुंबईस विधवांकरिता शारदासदन काढले. पुढे ते पुण्यास आले. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई १८९३ मध्ये अण्णासाहेब कर्व्यांच्या सहधर्मचारिणी झाल्या. त्याच साली धर्मांतराच्या भीतीने अनेक पालकांनी आपल्या मुली सदनातून काढून नेल्या. ती भीती अगदीच निराधार नव्हती. पुढे कित्येक मुली ख्रिस्ती झाल्या.

परंतु १८९६–९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतात हिंडून अनाथ मुलींस केडगावी आणणाऱ्याही रमाबाईच. स्वतःचे आईबाप दुष्काळात गमावलेल्या त्या बाईंस भूक म्हणजे काय, हे कोणी सांगावयास नको होते. १९०० च्या सुमारास सदनात दीड हजारांवर माणसे जेवत होती. शेती, विणकाम, छपाई अशी कामे शिकून मुली स्वतःच्या पायांवर उभ्या राहू लागल्या.

मुली बाटल्या म्हणून आपण हळहळलो. त्या उपाशी होत्या तेव्हा आपली किती दारे उघडली, हेही प्रत्येक घराने स्वतःस विचारावे.