प्लॅस्टिकच्या विटांची धावती मोटारगाडी

खेळण्यातील मोटारगाड्या सामान्यतः दोन प्रकारच्या असतात. काही पाहण्यासाठी, तर काही पळविण्यासाठी. प्लॅस्टिकच्या विटा एकमेकींत बसवून रचलेल्या आणि दुरून चालविता येणाऱ्या स्पोर्ट्स कारकडून मात्र दोन्ही गोष्टींची अपेक्षा असते. ती खऱ्या गाडीसारखी ठेंगणी, रुंद व बाकदार दिसली पाहिजे; शिवाय आज्ञेबरोबर ती पळाली, वळली आणि थांबली पाहिजे. या अपेक्षा एकमेकींच्या आड येतात. त्या का आड येतात आणि गाडी रचणारा त्यांतून वाट कशी काढतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

या विटांचा उगम डेन्मार्कमधील बिलुंड या गावी झाला. तेथील ओले कर्क क्रिस्तियान्सेन या सुताराने 1932 साली लाकडी खेळणी करावयास प्रारंभ केला आणि 1934 साली आपल्या व्यवसायास ‘लेगो’ हे नाव दिले. ‘छान खेळा’ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांचा हा संक्षेप आहे. 1949 साली निघालेल्या पहिल्या प्लॅस्टिक विटा एका ब्रिटिश खेळण्यावरून घेतलेल्या होत्या व त्यांची पकड सैल होती. विटेच्या पोकळीत नळ्या बसविण्याची युक्ती सुचली तेव्हा कोठे हा दोष गेला; तिच्या एकस्वासाठी 28 जानेवारी 1958 रोजी अर्ज करण्यात आला. पुढे 1977 साली भोके असलेल्या दांड्या, आस व दंतचक्रे यांची ‘टेक्निक’ ही मालिका निघाली. आपली गाडी याच मालिकेतील तुकड्यांची असते.

या तुकड्यांच्या मापांत एक मोठी सोय दडलेली आहे. दांडीवरील शेजारच्या दोन भोकांच्या मध्यबिंदूंतील अंतर 8 मिलिमीटर असते. दंतचक्राचे दात दुसऱ्या चक्राच्या दातांस जेथे भिडतात तेथवर त्याचा व्यास मोजला, तर तो जितके दात तितकेच मिलिमीटर भरतो. त्यामुळे 8 दात्यांचे व 24 दात्यांचे चक्र जोडावयाचे झाल्यास त्यांच्या त्रिज्या 4 व 12, म्हणजे बेरीज 16 मिलिमीटर. ती नेमकी दोन भोकांच्या अंतराइतकी होते. 16 दात्यांची दोन चक्रेही तेवढ्याच अंतरावर बसतात. 8 व 40 ही जोडी 24 मिलिमीटर, म्हणजे तीन भोकांचे अंतर घेते. परंतु 16 व 24 यांची बेरीज 20 मिलिमीटर येते. ती अडीच भोके झाली, आणि ही जोडी सरळ दांडीवर बसत नाही. ज्याने हा हिशेब एकदा मांडला, त्याची चुकतमाकत जोड्या शोधण्याची अर्धी दगदग वाचते.

आता वेगाकडे वळू. लेगोच्या 2007 साली आलेल्या आणि आता उत्पादन बंद झालेल्या विद्युत्-मालिकेतील मोटारी आजही पुष्कळांच्या संग्रही आहेत. तीमधील एक मध्यम मोटार 9 व्होल्टवर, भार नसताना, मिनिटाला सुमारे 390 फेरे घेते. तिला 8 सेंटिमीटर व्यासाचे चाक थेट जोडले तर चाकाचा परीघ सुमारे 25 सेंटिमीटर असल्याने गाडी मिनिटाला 97 मीटर, म्हणजे ताशी सहा किलोमीटरांहून किंचित कमी जाईल. गाडी खरीच्या एक-अष्टमांश मापाची असेल, तर डोळ्यांस तो वेग ताशी 47 किलोमीटरांसारखा भासेल. शहरातील रस्त्यावर हे ठीक आहे. स्पोर्ट्स कारला मात्र ते शोभत नाही.

साहजिकच नवशिक्या मोटारीच्या आसावर 24 दात्यांचे आणि चाकाच्या आसावर 8 दात्यांचे चक्र बसवितो. कागदावर वेग तिप्पट झाला! प्रत्यक्षात दीड-दोन किलोग्रॅमची ती गाडी जागेवरच घुरघुरते, किंवा गुळगुळीत फरशीवर चार हात जाऊन सतरंजीच्या कडेशी थबकते. दंतचक्रे शक्ती निर्माण करीत नाहीत. ती वेग व रेटा यांची केवळ अदलाबदल करतात. वेग तिप्पट झाला की चाक फिरविणारा रेटा एक-तृतीयांश उरतो, आणि त्यातूनही घर्षण आपला वाटा काढून घेते.

घर्षणाचा हा वाटा लहान नसतो. प्लॅस्टिकचा आस प्लॅस्टिकच्याच भोकात फिरतो. तेथे पोलादी छऱ्यांचे धारवे नसतात. म्हणून अनुभवी माणूस मोटारीपासून चाकापर्यंतच्या दंतचक्रांची संख्या होईल तितकी कमी ठेवतो, प्रत्येक आसाला दोन्ही बाजूंनी आधार देतो आणि आस सरकू नये म्हणून लावलेले कडे दांडीवर घट्ट न दाबता तेथे केसभर फट ठेवतो. ही केसभर फट कित्येकदा दुसऱ्या मोटारीहून अधिक उपयोगी पडते, असे माझे मत आहे. लांब आस टाळणेही इष्ट, कारण भार पडला की तो पिळवटला जातो व गाडी हिसका देऊन निघते.

बॅटरीचा विचार बहुधा शेवटी होतो. तो आधी व्हावा. दीड व्होल्टचे सहा घट मिळून 9 व्होल्ट होतात. त्यांच्याऐवजी पुन्हा भारित करता येणारे 1.2 व्होल्टचे निकेल घट घातले तर 7.2 व्होल्टच मिळतात आणि वेग त्या मानाने घटतो. शिवाय बॅटरीची पेटी हा गाडीतील सर्वांत जड भाग. ती खाली व मधोमध ठेवली तर गाडी वळणावर कलंडत नाही.

वळणाची गोष्ट स्वतंत्रपणे पाहण्याजोगी आहे. गाडीच्या दोन मागील चाकांत 15 सेंटिमीटर अंतर आहे असे धरू. काटकोनात वळताना आतील चाक 60 सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळावरून गेले, तर बाहेरील चाक 75 सेंटिमीटर त्रिज्येवरून जाईल. पहिले 94 सेंटिमीटर चालेल, दुसरे 118. हा 24 सेंटिमीटरांचा फरक म्हणजे चाकाचा जवळजवळ एक पूर्ण फेरा होय. मौज अशी, की वळण मोठे घेतले तरी फरक तेवढाच राहतो. तो केवळ चाकांतील अंतर आणि वळणाचा कोन यांवर अवलंबून असतो. दोन्ही चाके एकाच अखंड आसावर असतील तर एकाला घासटत जावेच लागेल. यावरील उपाय ‘डिफरन्शियल’ हा होय. त्याच्या पिंजऱ्यातील लहान तिरकी दंतचक्रे दोन्ही चाकांस सारखाच रेटा देतात, पण त्यांचे फेरे कमीअधिक होऊ देतात. फ्रान्समध्ये ओनेसिफोर पेकर याने वाफेच्या गाडीसाठी ही योजना केली, तेव्हा पेट्रोलची मोटारगाडी जन्मावयास अर्धशतकाहून अधिक काळ होता.

पुढील चाके वळविण्यासाठी मर्यादित कोनातून फिरून पुन्हा मध्यावर येणारी मोटार वापरतात. तिला ‘सर्व्हो’ म्हणतात. आज्ञा पोहोचविण्याचे मार्ग दोन. जुन्या मालिकेत ती अवरक्त किरणांनी जात असे. घरात हे उत्तम चाले, परंतु सूर्यप्रकाशातही अवरक्त किरण विपुल असल्याने अंगणात ग्राहकाला आज्ञा ओळखू येईनाशी होई. नव्या मालिकेत ब्ल्यूटूथच्या रेडिओलहरी आहेत. त्यांना उन्हाची बाधा नाही व मधे उशी आली तरी अडत नाही. रेडिओलहरींनी वाहन चालविण्याची कल्पना मात्र फार जुनी आहे. निकोला टेस्ला याने 1898 साली न्यूयॉर्क येथे लोकांसमोर एक लहान नौका अशाच रीतीने चालवून दाखविली होती.

रूप आणि गती यांचा झगडा कोठवर जातो, हे एका गाडीवरून चांगले कळते. लेगोने 2018 साली बुगाटी शिरॉन या गाडीची एक-अष्टमांश प्रतिकृती काढली. तिच्यात 3,599 तुकडे, हलणारे दट्टे असलेले इंजिन आणि आठ गतींची पेटी आहे. मोटार मात्र नाही. ती हाताने ढकलावयाची. अशा गाडीत मोटार बसवू पाहणाऱ्याला प्रथम कळते ते हे, की जे भाग तिला देखणे करतात तेच घर्षणही वाढवितात. गतींची पेटी काढावी लागते, कित्येकदा इंजिनही. उलट 2020 साली निघालेली, फोनवरून चालणारी रॅलीची एक गाडी केवळ 463 तुकड्यांची आहे. ती दिसावयास ओबडधोबड, पण धावते.

त्याच 2018 साली याच शिरॉनची पूर्णाकृती गाडी चेक प्रजासत्ताकातील क्लाद्नो येथे रचण्यात आली. पोलादी सांगाडा, बॅटऱ्या आणि खरी चाके सोडली तर ती जवळपास सर्व टेक्निकच्या तुकड्यांची होती. त्यांची संख्या दहा लाखांहून अधिक होती आणि वजन सुमारे 1,500 किलोग्रॅम. खेळण्यातल्याच 2,304 मोटारींनी ती हलविली. त्या सर्वांची मिळून शक्ती 5.3 अश्वशक्ती भरली, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्यास पावणेदोन वॉटही येत नाहीत. खऱ्या शिरॉनची शक्ती 1,500 अश्वशक्ती आहे. जर्मनीतील एरा-लेसिएन येथील धावपट्टीवर माणूस आत बसवून ही प्लॅस्टिकची गाडी चालविली, तेव्हा तिने ताशी वीस किलोमीटरांहून थोडा अधिक वेग गाठला.