जखम भरली, पण आजार गेला का? लैंगिक संसर्गाबद्दल सरळ बोलू

(आजच्या भागाचं लेखी रूप. ऐकायला जमलं नसेल तर निवांत वाचा.)

इयरफोन लावलेत ना? आजचा विषय घरात स्पीकरवर ऐकायची हिंमत फार थोड्या जणांत असते, म्हणून विचारतोय.

मागच्या आठवड्यात इनबॉक्समध्ये एक मेसेज आला. पोरगा २२ वर्षांचा. नाव-गाव सांगणार नाही. त्याने लिहिलं होतं, "दादा, खाली एक छोटी जखम झाली होती. अजिबात दुखत नव्हती. टेन्शन आलं होतं, पण महिन्याभरात आपोआप भरली. म्हणजे सुटलो ना?"

मी त्याला एवढंच लिहिलं, "उद्याच दवाखान्यात जा, रक्त तपासून घे." असं का, ते आज सगळ्यांना सांगतो.

आपोआप जाणारी जखम

न दुखणारी आणि स्वतःहून भरणारी जखम हे सिफिलिसचं पहिलं लक्षण असू शकतं. मराठीत उपदंश, जुनी माणसं ‘गरमी’ म्हणायची. संबंध आल्यानंतर १० ते ९० दिवसांत, साधारण तीन आठवड्यांनी, ही जखम दिसते. तीन ते सहा आठवड्यांत ती काहीही न करता भरते, पण जंतू अंगातच राहतात. पुढे अंगावर पुरळ येतं, अगदी तळहात-तळपायांवरही. तेही जातं. मग कित्येक वर्षं शांतता. आणि उपचार झालेच नाहीत, तर काही जणांत मेंदू, डोळे, हृदय यांच्यावर परिणाम होतो.

त्या मुलाला सिफिलिसच आहे असं मी म्हणत नाही. ते रक्ततपासणी सांगेल. पण असलाच, तर सुरुवातीच्या टप्प्यात पेनिसिलिनचं एक इंजेक्शन बहुतेकांना पुरतं. १९४३ पासून या आजारावर पेनिसिलिन वापरलं जातंय. म्हणजे ८० वर्षांचा जुना, स्वस्त इलाज आहे. अडतं ते फक्त दवाखान्याची पायरी चढण्यापाशी.

‘गुप्त’ नेमकं काय?

रेल्वे रुळांकडेच्या भिंतींवर, एसटी स्टँडच्या मुतारीत ‘गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज’ अशा जाहिराती आपण लहानपणापासून वाचतोय. त्यामुळे वाटतं, हा आजार आपण लपवायचा. खरं तर आजारच आपल्यापासून लपतो. क्लॅमिडिया झालेल्या बहुतेक मुलींना काहीच जाणवत नाही. आतल्या आत तो गर्भनलिकांना इजा करू शकतो, आणि पुढे मूल होण्यात अडचण येते तेव्हा कुठे शोध सुरू होतो. एचआयव्हीसुद्धा वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो.

म्हणून "ती तशी वाटत नाही", "तो चांगल्या घरातला आहे" या वाक्यांना इथे काही अर्थ नाही. चेहरा पाहून संसर्ग कळत नाही. डॉक्टरलाही कळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात रोज १० लाखांहून जास्त लोकांना असे संसर्ग होतात, आणि हा आकडा फक्त पूर्ण बऱ्या होणाऱ्या चारांचा आहे: सिफिलिस, गोनोरिया म्हणजे परमा, क्लॅमिडिया आणि ट्रायकोमोनास. बाकीचे चार मोठे संसर्ग विषाणूंचे: एचआयव्ही, हर्पीस, हिपॅटायटिस बी आणि एचपीव्ही. हर्पीस आणि एचआयव्ही शरीरातून पूर्ण जात नाहीत, पण औषधांनी आटोक्यात राहतात. एचआयव्हीची गोळी रोज घेऊन विषाणूचं प्रमाण तपासणीत न सापडण्याइतकं कमी राहिलं, तर संबंधातून तो जोडीदाराला लागतच नाही. लग्न, मूलबाळ, नोकरी, सगळं होतं.

तपासणी कुठे आणि कधी?

जिल्हा रुग्णालय, मेडिकल कॉलेजचं रुग्णालय, बरीच उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयं: इथे ‘आयसीटीसी’ नावाचं केंद्र असतं. एचआयव्हीची तपासणी तिथे मोफत होते. तपासणीआधी आणि नंतर समुपदेशक बोलतात. बाकी लैंगिक संसर्गांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं, तिथलं औषधही मोफत. केस पेपरच्या खिडकीवर रांगेतल्या दहा जणांसमोर आजार सांगायची गरज नाही. "त्वचारोग ओपीडी" म्हणा, पुरे.

मुलींनो, तुम्ही स्त्रीरोग ओपीडीत गेलात तरी चालतं. आणि लाज वाटत असेल तर हे लक्षात ठेवा: गरोदरपणात प्रत्येकीची एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी करायची असते. तुमच्या ओळखीच्या कितीतरी ताया-वहिन्यांनी ती केली आहे. त्यात चारित्र्याचा प्रश्न कुणी काढत नाही.

"कुणाला कळलं तर?" हा पुढचा प्रश्न. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध कायदा सांगतो की तुमच्या संमतीशिवाय एचआयव्हीची तपासणी करता येत नाही, आणि रिपोर्ट गोपनीय ठेवावा लागतो. फक्त माहिती हवी असेल तर १०९७ हा मोफत हेल्पलाइन नंबर आहे. मराठीतही बोलता येतं.

आता वेळेचं गणित. काल रात्री संबंध आला आणि आज सकाळी टेस्ट केली, तर ती काहीच सांगणार नाही. एचआयव्ही तपासणीत दिसायला काही आठवडे लागतात. साध्या रॅपिड टेस्टसाठी तीन महिने धरा. म्हणून आत्ता एकदा, तीन महिन्यांनी पुन्हा. याच कारणाने, टेस्ट फुकट होते म्हणून रक्तदान शिबिरात जाऊ नका. संसर्ग ताजा असेल तर रक्तपेढीच्या तपासणीतूनही निसटू शकतो आणि तुमचं रक्त दुसऱ्याला चढतं.

कंडोम फाटला किंवा जबरदस्ती झाली, तर मात्र थांबू नका. एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितक्या लवकर तितकं चांगलं, आणि २८ दिवस घ्यावी लागतात. ती द्यायची का, हे डॉक्टर ठरवतात. जबरदस्ती झाली असेल तर सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने प्राथमिक उपचार मोफत द्यायलाच हवेत.

रोजच्या कामाच्या चार गोष्टी

एक. कंडोम पाकिटात महिनोन्‌महिने दाबून ठेवू नका, उष्णतेने खराब होतो. तारीख बघा. प्रत्येक वेळी नवा, आणि एका वेळी एकच. खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावलं की लॅटेक्स फाटतो. पाण्यावर आधारित जेल वापरा.

दोन. गर्भनिरोधक गोळी गर्भ रोखते, संसर्ग नाही. आणि हर्पीस, एचपीव्ही, सिफिलिस हे झाकल्या न गेलेल्या त्वचेतूनही लागू शकतात. म्हणजे कंडोमने धोका खूप कमी होतो, शून्य होत नाही. तपासणी त्यासाठी.

तीन. लस. हिपॅटायटिस बीची लहानपणी मिळाली होती का, आईला विचारा. एचपीव्हीची लस गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून वाचवते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लसीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. पहिल्या संबंधाआधी घेतली तर सगळ्यात उपयोगी, आणि ती मुलग्यांनाही घेता येते.

चार. मेडिकलवाल्याला हळूच विचारून गोळ्या घेऊ नका. गोनोरियाचे जंतू अनेक जुन्या अँटिबायोटिक्सना आता दाद देत नाहीत. अर्धवट औषधाने लक्षणं दबतात, आजार राहतो.

सगळ्यात अवघड भाग

जोडीदाराला सांगणं. एकट्याने औषध घेतलं तर तोच संसर्ग परत येतो. दोघांनी एकदम घ्यायला हवं, आणि डॉक्टर सांगतील तोवर संबंध टाळायचा. कोणी कोणाला दिलं, याचा हिशोब बहुतेक वेळा लागतच नाही, कारण संसर्ग जुना असू शकतो. म्हणून भांडणाने सुरुवात करू नका. एवढं म्हणा: "माझी तपासणी झाली, संसर्ग निघाला. इलाज आहे. तुझीही करून घेऊ, मी सोबत येतो." किंवा "येते". शब्द सुचत नसतील तर समुपदेशकाची मदत मागा, त्यांचं ते रोजचं काम आहे.

आज फक्त १०९७ फोनमध्ये सेव्ह करा. नाव काहीही द्या, ‘गॅस एजन्सी’ दिलंत तरी चालेल. आणि हा भाग त्या मित्राला किंवा मैत्रिणीला पाठवा, जिला किंवा ज्याला तुम्ही तोंडावर विचारू शकत नाही. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!