दवाखान्यातली कारकुनी एआयच्या हवाली करण्याआधी

मेळघाटातल्या चिखलदरा किंवा धारणी तालुक्यात स्वतःचा दवाखाना चालवायचा म्हणजे डॉक्टर, कंपाउंडर आणि कारकून ही तिन्ही कामं एका माणसानं, फार तर दोघांनी उरकायची. बैरागडच्या डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना 2019 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांच्या एक-दोन रुपयांच्या फीचं कौतुक सगळीकडे छापून आलं. त्या फीत कारकुनाचा पगार बसत नाही, याचा हिशेब मात्र फारसा कोणी मांडला नाही.

कागद तर सर्वांना सारखेच. ओपीडी रजिस्टर, केस पेपर, बिल, रेफर चिठ्ठी, शाळेचं आणि नोकरीचं फिटनेस सर्टिफिकेट. सोनोग्राफी मशीन असेल तर प्रत्येक गर्भवतीमागे फॉर्म एफ आणि दर महिन्याच्या 5 तारखेपर्यंत त्याचा अहवाल. जैववैद्यकीय कचऱ्याचा वार्षिक अहवाल 30 जूनच्या आत. क्षयरुग्ण सापडला की निक्षय पोर्टलवर नोंद. ती खासगी डॉक्टरांनाही 2012 पासून बंधनकारक आहे. अशा माणसाला कोणी म्हटलं, ‘एआय सगळं लिहून देतं’, तर त्याचे कान टवकारणारच. या विषयावर सध्या कानावर पडणाऱ्या बऱ्याच गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत, आणि घोळ होतो तो उरलेल्या अर्ध्यात.

‘डॉक्टरांचा निम्मा वेळ वाचतो’

हा दावा अमेरिकेतून आला. तिथे 2016 साली 57 डॉक्टरांच्या कामाची प्रत्यक्ष मोजणी झाली, तेव्हा रुग्णाबरोबरच्या एका तासामागे जवळपास दोन तास संगणकात आणि कागदांत जातात असं दिसलं. त्यावर उतारा म्हणून संभाषण ऐकून केस पेपर लिहिणारी एआय साधनं आली. कॅलिफोर्नियातल्या पर्मनेंटे मेडिकल ग्रुपने सात हजारांवर डॉक्टरांना ती दिली आणि पंचवीस लाखांहून अधिक भेटींत मिळून 15,700 हून जास्त तास वाचल्याचं सांगितलं. आकडा भारी वाटतो. भागाकार केला की एका भेटीमागे साधारण 22 सेकंद हाती लागतात. तिथल्या डॉक्टरांना तरीही ते आवडलं, कारण स्क्रीनकडे न बघता रुग्णाकडे बघता येतं आणि रात्री घरी टायपिंग करत बसावं लागत नाही.

आपल्याकडचं दुखणं वेगळं आहे. 2017 मध्ये ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात अनेक देशांतल्या तपासणीच्या वेळेची तुलना आली होती. त्यात भारताची सरासरी दोन मिनिटांच्या आसपास होती. दोन मिनिटांच्या बोलण्यातून पानभर टिपण काढून करायचं काय? इथे वेळ जातो तो एकच माहिती पाच ठिकाणी उतरवण्यात. क्षयाचा संशय असलेल्या एका रुग्णाचं नाव, वय, गाव, मोबाइल नंबर रजिस्टरमध्ये, केस पेपरवर, रेफर चिठ्ठीवर, निक्षयवर आणि बिलावर. हे एकदा भरून पाचही जागी उमटवणं साध्या सॉफ्टवेअरला वीस वर्षांपूर्वीही जमत होतं. त्याला एआयचं लेबल लावून दुप्पट पैसे मागणारा भेटला तर त्याला चहा पाजावा आणि परतवाड्याच्या गाडीत बसवून द्यावं.

एआयचं खरं काम त्याच्या अलीकडचं आहे: हातानं लिहिलेल्या कागदाचा फोटो वाचून रकाने भरणं, बोललेल्या चार वाक्यांची नीट चिठ्ठी करणं, इंग्रजी डिस्चार्ज कार्डावरून नातेवाइकांसाठी मराठीत सूचना तयार करणं.

‘मराठी येते ना त्याला, मग झालं’

रेफर चिठ्ठीच घेऊ. रात्री मूल गंभीर झालं, ग्रामीण रुग्णालयातून पुढे अचलपूर किंवा थेट अमरावतीला, इर्विन रुग्णालयात न्यायचं ठरलं. गाडी दारात उभी आहे. डॉक्टर फोनवर बोलतात, ‘मुलगी, चार वर्षं, तीन दिवस ताप, काल दोन उलट्या, झटके नाहीत, लघवी कमी, वजन साडेनऊ किलो, पॅरासिटामॉल सिरप दिलंय.’ अर्ध्या मिनिटात स्वच्छ, मुद्देसूद इंग्रजी चिठ्ठी तयार. घाईत खरडलेल्या दोन ओळींपेक्षा ती नक्कीच बरी. इर्विनच्या कॅज्युअल्टीत तिचा उपयोग होईल.

पण ती छापण्याआधी दोन जागी बोट ठेवून वाचायला हवी. पहिली जागा नकाराची. ‘झटके नाहीत’मधला ‘नाहीत’ गाडीच्या आवाजात गेला, तर मुलीला फिटचा इतिहास चिकटतो. दुसरी जागा आकड्यांची. सव्वा, दीड, अडीच, पाऊण, साडे हे आपले रोजचे आकडे यंत्राला अवघड जातात, आणि ‘पाव गोळी’ची ‘पाच गोळी’ व्हायला एक अक्षर पुरतं. म्हणजे वीसपट डोस. लहान मुलाचा डोस वजनावर ठरतो, त्यामुळे साडेनऊचं नऊ झालं तरी हिशेब चुकतोच.

यंत्र गाळतं, तसं पदरचं घालतंही. ‘व्हिस्पर’ हे आवाजाचा मजकूर करणारं प्रसिद्ध मॉडेल अमेरिकी संशोधकांनी तपासलं; 2024 मध्ये त्यांनी मांडलं की सुमारे एक टक्का तुकड्यांत कोणीच न बोललेली वाक्यं सापडली, आणि बोलणाऱ्यानं मध्ये थांबे घेतले की हे वाढतं. आजारी माणूस थांबत थांबतच बोलतो.

आणि बोलतो कोणत्या भाषेत? ‘लेकरू काही खाऊन नाई रायलं, दोन दिवसापासून हागून रायलं’ हे वऱ्हाडी यंत्राला बरंचसं कळेलही. कोरकूचं काय? 2011 च्या जनगणनेत ती मातृभाषा सांगणारे सव्वासात लाखांवर लोक होते. कोरकू मुंडा कुळातली. मराठी-हिंदीशी तिचं रक्ताचं नातं नाही. केंद्राची ‘भाषिणी’ ही 2022 ची योजना उभी राहिली ती मुख्यतः आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांवर. कोरकूच्याच कुळातली संथाली 2003 च्या घटनादुरुस्तीनं त्या यादीत गेली, कोरकू बाहेरच राहिली. आदिवासी कार्य मंत्रालयानं 2025 मध्ये आणलेल्या ‘आदि वाणी’ची सुरुवातही संथाली, भिली, मुंडारी आणि गोंडी या चारांपासून झाली.

त्यामुळे आई कोरकूत सांगते, आशाताई ते वऱ्हाडीत किंवा हिंदीत आणते, डॉक्टर इंग्रजीत लिहितात, या साखळीतला पहिला दुवा यंत्राच्या कानाबाहेरचा आहे. आणि नेमकं तिथेच महत्त्वाचं बोललं जातं. बाळाला आधी भूमकाकडे, म्हणजे गावच्या मांत्रिकाकडे, नेलं होतं का, पोटावर चटके दिलेत का, हे आई डॉक्टरला सांगत नाही. आशाताईला हळूच सांगते. माझं मत स्पष्ट आहे: मेळघाटात आख्खं संभाषण यंत्राला ऐकवू नये. तपासणी संपल्यावर डॉक्टरांनी स्वतः चार वाक्यं बोलावीत आणि तेवढीच लिहून घ्यावीत.

नावांचा गुंता निराळाच. एकाच गावात कास्देकर, बेठेकर, जांबेकर अशी ठरावीक आडनावं घरोघरी. आधारवर एक स्पेलिंग, लसीकरणाच्या कार्डावर दुसरं, आपल्या रजिस्टरात तिसरं. दोन नोंदी एकाच रुग्णाच्या असाव्यात, हे एआय सुचवू शकतं. त्या परस्पर जोडायची परवानगी मात्र देऊ नये. चौदा आकडी आभा क्रमांक असेल तर काम सोपं होतं. नसेल तर वडिलांचं नाव आणि घर विचारण्याला पर्याय नाही.

‘नाव खोडलं की गोपनीयता झाली’

मुंबईत कदाचित. दोनशे उंबऱ्यांच्या गावात ‘स्त्री, 22, क्षयरोग, दुसरी खेप’ एवढं लिहिलं की नाव कोणीही सांगेल. फुकटच्या चॅटबॉटमध्ये केस पेपरचा फोटो टाकणं हा आज दवाखान्यांतला सर्वांत मोठा बेसावधपणा आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती हाताळणाऱ्या कंपनीनं चूक केली तरी जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्याकडे राहते. इथे तो गोळा करणारा म्हणजे दवाखाना.

‘इथे रेंज नाही, आपल्याला काय उपयोग’

मेळघाटातल्या हरिसाल गावाचा अनुभव गाठीशी असल्यानं हा सूर समजण्यासारखा आहे. 2016 मध्ये राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्टनं ते ‘डिजिटल गाव’ म्हणून उभं केलं, टेलिमेडिसिनसकट. 2019 च्या निवडणुकीत ‘लाव रे तो व्हिडिओ’ म्हणत त्याच गावाची जाहीर सभेतून झाडाझडती झाली. पण इथे परिस्थिती थोडी बदलली आहे. व्हिस्परसारखी काही मॉडेलं खुली आहेत आणि इंटरनेटशिवाय, दवाखान्यातल्याच बऱ्यापैकी संगणकावर चालतात. मराठीत ती इंग्रजीइतकी तरबेज नाहीत, पण माहिती डोंगर उतरून कुठे जात नाही, हा फायदा आपोआप मिळतो.

‘औषधही तेच लिहील, चूक झाली तर त्याची’

दोन्ही चूक. 25 मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांत स्वच्छ लिहिलं आहे: एआयवर चालणाऱ्या साधनांनी रुग्णाला सल्ला देऊ नये, औषध लिहून देऊ नये, डॉक्टरला मदत जरूर करावी. प्रिस्क्रिप्शन नोंदणीकृत डॉक्टरचंच. चिठ्ठी कोणीही टाइप केलेली असो, जाब सही करणाऱ्यालाच विचारला जातो.

आता खरेदीचं. विक्रेता डेमो दाखवतो तो पुण्या-मुंबईच्या मराठीत, शांत खोलीत. त्याला आपल्याच ओपीडीत बसवावं, पंखा आणि रडणारं पोर चालू असताना, आणि ‘पाव गोळी’ म्हणून बघावं. नोंदी कुठे साठवता, त्यावर तुमचं मॉडेल शिकवता का, लाइट गेली तर अर्धवट भरलेला फॉर्म टिकतो का, हे विचारावं. उद्या तुमची कंपनी बंद पडली तर माझ्या नोंदी मला कोणत्या फाइलमध्ये, किती दिवसांत मिळतील, हेही लेखी घ्यावं. कारण अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरांना लागू असलेल्या 2002 च्या आचारसंहितेनुसार भरती रुग्णांचे कागद तीन वर्षं सांभाळायचे असतात, आणि रुग्णानं मागितले तर ते 72 तासांत द्यावे लागतात. तेवढी तीन वर्षं होईपर्यंत कागदी रजिस्टर रद्दीत घालू नये.