खासबाग, शाहू स्टेडियम, गांधी मैदान: पावसाचं पाणी जातं कुठे?

कुस्ती कोण मारली, कुठल्या पेठेनं कप उचलला, हे आज बाजूला ठेवूया. आज बोलायचंय पायाखालच्या जमिनीबद्दल. कोल्हापुरातली तीन मैदानं घेऊ आणि तिघांनाही एकच प्रश्न विचारू: पाऊस पडला की पाणी कुठे जातं?

सुरुवात खासबागपासून. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले, तेव्हा त्यांनी रोममधलं कलोसियम पाहिलं. त्यावरून सुचलेलं हे कुस्तीचं मैदान १९१२ साली पूर्ण झालं. मधोमध आखाडा आणि भोवती गोल, चढत जाणारी बैठक. कुठंही बसा, पुढच्याचा फेटा आडवा येत नाही. पण वाडग्यासारख्या आकाराचा एक तोटा असतो: सगळ्या बाजूंचं पाणी मधेच येतं. म्हणून मधला आखाडा भोवतालच्या जमिनीपेक्षा उंच ठेवलाय. शंभर वर्षांपूर्वीचं हे साधं डोकं मला आजच्या कितीतरी नकाशांपेक्षा भारी वाटतं.

आणि ती लाल माती! तालमीत मातीत ताक, तेल, हळद, लिंबू असं बरंच काही मिसळतात. प्रमाण प्रत्येक तालमीचं वेगळं. कोरडी पडली तर माती उडते आणि घट्ट बसली तर पाठीला दगडासारखी लागते. म्हणून ती सतत उकरावी लागते. हे काम पैलवान स्वतः करतात, खोरं चालवणं हाच त्यांचा व्यायाम. म्हणजे जो माती वापरतो, तोच तिची निगा राखतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता शाहू स्टेडियम. पाटाकडील, शिवाजी, प्रॅक्टिस, दिलबहार... नावं घेतली तरी अंगावर काटा येतो. इथं सगळा खेळ गवताचा. गरम हवेत टिकणारं गवत म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहतो त्या दूर्वा. तिच्याच सुधारित जाती जगभर गोल्फच्या मैदानांवर लावतात. हरळी धुमारे सोडत पसरते, म्हणून तुडवली तरी पुन्हा भरून येते. अट एकच: विश्रांती. सामन्यावर सामने झाले की गोलसमोरचा तुकडा आधी टकला होतो, कारण गोलकीपर तिथंच नाचत असतो.

गोल्फवाल्यांनी तर पाण्याचा प्रश्न जमिनीखालीच सोडवलाय. चेंडू भोकात ढकलायच्या हिरवळीखाली, अमेरिकेतल्या प्रचलित पद्धतीत, सुमारे ३० सेंटिमीटर वाळूचा थर आणि त्याखाली १० सेंटिमीटर खडी असते. पाणी वरून खाली जातं आणि पाइपातून बाहेर पडतं. खर्च प्रचंड. सगळ्या मैदानाला तसं करा असं कुणी म्हणणार नाही, पण तत्त्व फुकट आहे: पाण्याला आधी वाट द्या, मग गवत लावा.

आता गांधी मैदान. इथं जरा थांबूया, कारण खरी अडचण इथंच आहे. शिवाजी पेठेतलं हे मैदान जिथं आहे, तिथं पूर्वी वरुणतीर्थ तळं होतं. कपिलतीर्थाचंही तसंच, तळं गेलं आणि मंडई आली. तळं जिथं असतं ती जागा सखल असते, म्हणून तर पाणी तिथं साठतं. नाव बदललं तरी उतार बदलत नाही. पावसाळ्यात गांधी मैदानाचं पुन्हा तळं होतं, आणि त्यात नवल काहीच नाही.

मग मुरूम टाकला की झालं? नाही. वरून टाकलेला मुरूम रोलरनं दाबला की कडक थर बनतो आणि पाणी मुरायचं ते वरच थांबतं. त्यात सभा, प्रदर्शनं. मंडपाचे ट्रक फिरले की माती आणखी दबते, खांबांचे खड्डे तसेच राहतात. पाइप टाकला तरी तो जिथं सुटतो ती गटार मैदानापेक्षा खाली हवी. भर पावसात गटारच तुंबली, तर पाणी उलटं मैदानात येतं.

याची किंमत कोण मोजतं? पोलीस भरतीसाठी १६०० मीटर पळणारी पोरं, ८०० मीटर पळणाऱ्या पोरी, संध्याकाळी फुटबॉल घेऊन येणारी बारकी मंडळी. मैदान पाण्याखाली गेलं की त्यांच्या वाट्याला रस्ता येतो.

माझं मत सांगू? गांधी मैदानात महागडं गवत लावण्याआधी पाण्याची वाट नीट करावी आणि जड गाड्या आत सोडणं बंद करावं. आणि तालमीसारखं, रोज खेळणाऱ्यांना निगराणीत घ्यावं. खड्डा कुठं पडलाय हे महापालिकेच्या आधी त्यांना कळतं.

तुमच्यासाठी एक काम. पाऊस थांबला की तुमच्या जवळच्या मैदानाचा एका ठरलेल्या जागेवरून फोटो काढा. तासानं पुन्हा काढा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी एकदा. तिसऱ्या फोटोतही जिथं पाणी दिसतंय, तिथली जमीन एकतर सखल आहे नाहीतर दबलेली आहे. फोटो आम्हाला पाठवा, मैदानाचं नाव आणि तारीख लिहून. आलेले फोटो घेऊन पुढच्या भागात बसू.